भुताच्या साड्यांच्या घड्या

संगीताचा उजवा अर्धा चेहरा मेला होता आणि डावा अजून जिवंत होता, तेव्हा निखिल दार ढकलून आत आला.

"मामी, अजून किती वेळ? तुमच्या मैत्रिणी आल्या खाली."

"अर्धं भूत चालत असेल तर आत्ता देते," मी म्हटलं.

निखिल माझ्या नणंदेचा मुलगा. पुण्यातल्या नोकरीला कंटाळून वाशीमला परत आला आणि बसस्टँडमागच्या एका बंद पडलेल्या लॉजच्या वरच्या मजल्यावर त्यानं एस्केप रूम काढली. एस्केप रूम म्हणजे चार मित्रमैत्रिणींनी मिळून एका खोलीत कोंडून घ्यायचं, तिथल्या वस्तूंमध्ये लपवलेल्या खुणा शोधायच्या, कुलपं उघडायची आणि तासाभरात बाहेर पडायचं. मी म्हटलं, आमच्या वेळी याला सासर म्हणायचे, फक्त तासाभरात सुटका नव्हती. त्याला ते आवडलं नाही.

ही खोली हॉररची. नाव 'नवरीची खोली'. गोष्ट अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी एक नवरी इथं मेली. तिचं मंगळसूत्र एका पेटीत बंद आहे. पेटीला आकड्यांचं कुलूप. मंगळसूत्र काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं की दार उघडतं. ती नवरी कोपऱ्यात पाठमोरी बसलेली असते, पुतळाच वाटते. शेवटची दहा मिनिटं उरली की दिवे जातात आणि ती रडत उठते. याला जम्प स्केअर म्हणतात. म्हणजे बेसावध माणसाचं काळीज हलवणं.

नवरी रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं ब्युटी पार्लर आहे आणि जिल्ह्यातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हाताखालून गेल्या असं मी सगळीकडे सांगते. जिवंत नवरीचे गाल वर उचलून दाखवायचे असतात, मेलेल्या नवरीचे आत ओढून. बाकी सामान तेच. नवीन होतं ते फक्त लिक्विड लेटेक्स. हे दुधासारखं पातळ रबर. कातडीवर लावून वाळवलं की सुरकुत्या पडतात, टोक ओढलं की सोललेल्या कातडीसारखं लोंबतं. पहिल्यांदाच हातात आलेली वस्तू, त्यामुळे मी गालांवर लावलं, कपाळावर लावलं आणि हौसेनं ओठांभोवतीही लावलं.

"ताई, परवा गाडी येऊन राह्यली," संगीता ओठ न हलवता म्हणाली.

गाडी म्हणजे ऊसतोडीची. संगीता मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, तिशीतली. दिवाळी झाली की तांड्यावरची बरीच घरं ऊस तोडायला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. मुलंही सोबत जातात आणि शाळा तिथंच सुटते. यंदा संगीतानं मुलीला वाशीमच्या शाळेत सहावीत घातलं होतं आणि एक खोली घेतली होती. खोली टिकवायची तर इथंच काम हवं.

"आजचं जमलं तं मी जात नाई. नाई जमलं तं पोरीलेबी न्या लागते."

जमणं म्हणजे काय, ते निखिलनं आधीच सांगितलं होतं. आज ट्रायल. आलेले लोक घाबरले तर संगीता पक्की. नाही घाबरले तर मोटरवर उठणारा रबरी पुतळा मागवायचा. तो त्यानं पसंतही करून ठेवला होता.

"मैत्रिणींना आत जिवंत माणूस आहे हे सांगायचं नाही," तो मला म्हणाला. "आणि तुम्ही पण आत जा. तुम्हाला फक्त चेहरा माहीत आहे, कोडी कुठं माहीत आहेत?"

माझ्या मैत्रिणी दोन. कुसुमताई मेडशीला शाळेत मुख्याध्यापिका होत्या. रिटायर झाल्या, पण आवाज झाला नाही. दुसरी छाया. शहराबाहेर तिचा भाजीचा मळा आहे. मी या दोघींना मुद्दाम निवडलं होतं. छाया पालीला पाहून किंचाळते. म्हटलं, संगीताची नोकरी इथंच पक्की.

दार बंद झालं. आत मिणमिणता पिवळा दिवा, एक पलंग, आरसा, पेटी, कोपऱ्यात पाठमोरी नवरी. जमिनीवर तीन साड्या वेड्यावाकड्या पसरलेल्या.

"काय पसारा करून ठेवला वं," छाया म्हणाली आणि खाली बसली.

मी आरशामागे खुणा शोधत होते. कुसुमताई भिंतीवरचा मजकूर मोठ्यानं वाचून त्यातलं शुद्धलेखन तपासत होत्या. वळून पाहते तो तिन्ही साड्यांच्या सुरेख घड्या घालून छायानं त्या उशाशी ठेवल्या होत्या. वरून हातही फिरवला होता.

छताजवळच्या स्पीकरमधून निखिलचा आवाज आला. "मामी, एक मिनिट..." मग तो थांबला. गेम मास्टर म्हणून तो बाहेर कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो आणि अडलेल्यांना माइकवरून हिंट देतो. पण घडी घालून टाकलेल्या खुणेची हिंट कशी द्यायची, हे त्याला सुचेना. कारण त्या साड्या म्हणजेच कोडं होतं. पलंगावर उभं राहून पाहिलं तर त्या तीन साड्यांचे तीन आकडे दिसायचे. तेच पेटीचे. मला हे बाहेर आल्यावर कळलं.

आम्ही पेटीचं कुलूप नुसतंच फिरवत बसलो. कुसुमताईंनी सनावळ्यांचे शेवटचे तीन आकडे लावून पाहिले. तेवढ्यात दिवे गेले.

लाल उजेड आला. कोपऱ्यात हुंदका. नवरी उठली, वळली आणि केस मागे टाकून आमच्याकडे चालत आली.

किंकाळी उठली. ती माझी होती. माझ्याच हातानं रंगवलेला चेहरा, कोणत्या गालावर किती लेटेक्स आहे ते मला पाठ, तरी मी पलंगावर चढले.

छाया चढली नाही. ती दोन पावलं पुढं गेली.

"काहून रडून राह्यली वं माय?"

संगीता जोरात रडली. हातांचे पंजे पुढे केले. छायानं ते पंजे हातात घेतले.

"हात पाय बरं कसे थंडे पडले. जेवली का तू?"

"पाणी आहे का कुणाकडे?" कुसुमताई म्हणाल्या. "बस बाळ. आधी शांत हो, मग सांग."

मला संगीताची गाडी दिसायला लागली. मी पुन्हा किंचाळले, या वेळी ठरवून. "अगं पळा, भूत आहे."

"तू गप बस वं वर्षा," छाया म्हणाली. "लेकरू रडते, तुले भूत सुचते. कोन गाव बाई तुहं?"

"प्लीज भुताला हात लावू नका," स्पीकर म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस," कुसुमताईंनी स्पीकरला सांगितलं. स्पीकर गप्प झाला.

आता संगीताचं रडणं बदललं. आधीचं रडणं निखिलनं शिकवलेलं होतं, वरखाली होणारं. हे आवाज न करता येत होतं. गालावरच्या पांढऱ्या बेसवरून एक रेघ खाली उतरली. छाया अंदाजानंच पदरानं डोळे पुसायला गेली, म्हणजे माझा मेकअपही चालला होता. भिंतीवरच्या घड्याळात थोडीच मिनिटं उरली होती.

संगीतानं हात सोडवून घेतले. तिनं पलंगाकडे पाहिलं. उशाशी रचलेल्या साड्यांकडे पाहिलं. खेळाआधी खोली तिनंच लावली होती. मग ती अगदी हळू, खालच्या आवाजात म्हणाली,

"माहे लुगडे कोनं आवरले?"

ओठांजवळचं लेटेक्स फाटून हनुवटीवर लोंबलं.

"माह्या खोलीतले माहे लुगडे. कोनं हात लावला?"

छायाचा चेहरा उतरला. ती मागे सरकत भिंतीला टेकली. कुसुमताईंनी खालूनच माझं मनगट धरलं, ते निळं पडेपर्यंत. भूत एक वेळ समजून घेता येतं. पण दुसऱ्या बाईच्या खोलीत जाऊन तिच्या वस्तू न विचारता हलवल्या आणि ती समोर येऊन उभी राहिली, तर काय बोलणार?

"मी आवरले माय," छाया कशीबशी म्हणाली. "चुकलं माह्यावालं. कशे होते सांग, तशेच ठेवून देतो."

नवरीनं बोट दाखवलं. छाया साडी पसरायला लागली. बोट हललं की पदर वळायचा. मी अजून पलंगावरच उभी होते, त्यामुळे आकडे आधी मला दिसले. हे माझं या खेळातलं एकमेव योगदान. कुलूप उघडलं, मंगळसूत्र खिळ्याला अडकवलं आणि वेळ संपायच्या आत आम्ही बाहेर पडलो. छाया सगळ्यात पुढे.

बाहेर आल्यावर संगीता मागून आली आणि सगळं उलगडलं. छायानं तिला आधी एक चापट मारली आणि मग पाणी दिलं.

निखिल कपाळाला हात लावून बसला होता. "स्क्रिप्टमध्ये भुताला डायलॉगच नाही."

"लुगड्याईच्या घड्याबी नव्हत्या ना सर," संगीता म्हणाली.

"आणि तुझ्या त्या पुतळ्याला हे सुचलं असतं का रे?" कुसुमताईंनी विचारलं. "खरं सांग. कॅमेऱ्यात आम्ही घाबरलेल्या दिसलो की नाही?"

"दिसलात," निखिल म्हणाला. "पण गर्दी शनिवार-रविवारीच होणार. रोजचं काम नाही देता येणार."

दोन दिवसांच्या कामावर खोली टिकत नाही, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात छाया बोलली.

"बाकीचे दिवस माह्या मळ्यात ये. मेथीच्या जुड्या बांधाले बाई लागतेच मले. पन लुगड्याचं मनात धरू नको."

तिसऱ्या दिवशी गाडी आली. ऊसतोडीला जोडी लागते, म्हणून संगीताचा नवरा भावाला घेऊन गेला. ती आणि मुलगी राहिल्या. आता मुलगी शाळेत सांगते म्हणे, आई सोमवार ते शुक्रवार मळ्यात आणि शनिवार-रविवार मेलेली असते.

मी मात्र छायाला खोदून खोदून विचारलं, की नेमकी कशाला घाबरलीस. ओठांजवळची ती लोंबणारी कातडी ना?

"कोन्ती कातडी?" ती म्हणाली. "चष्मा पर्समधी, पर्स बाहेर. मले चेहराच नाई दिसला."

त्या दिवशी ओठांचं लेटेक्स काढताना खोबरेल तेल लावूनही संगीताची कातडी सोलली. दोन दिवस तिला तिखट खाता आलं नाही, आणि वऱ्हाडात तिखट नाही म्हणजे जेवण नाही. तेव्हापासून भुताचं काम आलं की मी आधी एवढंच विचारते, हे बोलणारं आहे का. बोलणारं असेल तर तोंडाभोवती नुसती पावडर लावते. ओठ हलायला जागा लागते.