नानांना दिसेल एवढी चमक

आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. सातपूरच्या एका कारखान्याची कामगारांची बस त्यांच्याकडे होती. पहाटे निफाडच्या बाजूची माणसं भरून आणायची, संध्याकाळी परत सोडायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली. गडद निळी, चार दारांची, आधीच्या मालकाने उन्हात उभी करून रंग पार विटवलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या गल्लीत स्कूटरपेक्षा मोठं काही उभं राहत नसे. आईने हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नाना आत बसले आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ नुसतेच बसून राहिले. मग म्हणाले, "चला. आता कुणाच्या भोंग्यावर निघायचं नाय."

ती गाडी त्यांनी जेमतेम दीड वर्ष चालवली.

एकदा आम्ही तिघं हरसूलच्या बाजारातून परत येत होतो. मागच्या सीटवर आई नागलीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, मी नानांच्या शेजारी. डाव्या हाताच्या मोकळ्या माळावरून एक माणूस दोन बैल घेऊन रस्त्याकडे येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. नानांनाही दिसत असेल असं मी धरून चालले. बैलाचं शिंग आरशाला लागलं तेव्हा मी किंचाळले आणि नानांनी ब्रेक दाबला. बैलवाला खिडकीशी येऊन शिव्या देत होता. नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हा आला कुठनं?"

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या आजारात नजर कडेकडेने मरत येते, मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला बरेच दिवस पत्ताच लागत नाही. नानांची बरीच नजर आधीच गेली होती. "गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ती टिकवायची, बस." नानांनी मान डोलावली, जणू टायरबद्दल बोलणं चाललं आहे. घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू शिक," म्हणाले. मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करत होते. गाडी मी शिकले नाही. त्या शिंगाचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

गाडी दारासमोर करंजाखाली उभी राहिली. नाना सवयीने रोज सकाळी फडकं घेऊन जायचे आणि पुसायचे, पण त्यांच्या हातून मोठमोठे पट्टे सुटायचे. एक दिवस पायरीवर बसून ते म्हणाले, "ही गाडी मला धड दिसतच नाय गं. दारात धुकं उभं केल्यासारखं वाटतं."

ते वाक्य मी डोक्यात घेऊन बसले. रंग विटला आहे, म्हणून त्यांना दिसत नाही. चकचकीत केली तर दिसेल. हे खुळचट होतं, मला तेव्हाही ते थोडंफार कळत होतं. पण डॉक्टरांच्या थेंबांपलीकडे करण्यासारखं दुसरं काही कुणी सांगत नव्हतं.

पहिल्या रविवारी भर दुपारी मी बादलीत कपड्याची पावडर कालवली आणि आईच्या नायलॉनच्या जुन्या साडीचा तुकडा घेऊन गाडीला भिडले. पाणी टाकेपर्यंत साबण वाळायचा. सगळ्या अंगावर पांढरे ओघळ राहिले. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं तेव्हा दिसलं की टपापासून दारापर्यंत बारीक गोल ओरखडे उठलेत, कोळ्याने जाळं विणावं तसे. मी गाडी स्वच्छ नव्हे, जखमी केली होती.

नानांनी हात फिरवला. "धूळ न काढताच घासलीस?"

"धुवायलाच तर घेतली होती."

"धुळीत वाळू असती, बाई. आधी नुसतं पाणी सोडायचं. तिला वाहून जाऊ द्यायचं."

यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. बस धुवायला क्लीनर असायचा, आणि बसला पॉलिश कोण करतं? शिकायचं ते दोघांनाही पहिल्यापासून होतं. द्वारका चौकाजवळच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मी पदर सावरत उभी राहिले. दुकानदाराला आधी वाटलं मी कुणाचा तरी निरोप घेऊन आले आहे. मग त्याने दोन डबे पुढे ठेवले. "हे रबिंग कंपाउंड, याने वरचा मेलेला रंग निघेल. नंतर हे पॉलिश. उन्हात करू नका ताई, आणि हात हलका ठेवा." उन्हाचं मी लक्षात ठेवलं.

मग सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळेला आम्ही सुरुवात करू लागलो. तेव्हा पत्रा गार असायचा. पोळीएवढा तुकडा धरायचा, नानांच्या फाटक्या बनियनवर बोटभर कंपाउंड घ्यायचं आणि घासायचं. पहिल्याच दिवशी बनियन निळं झालं. "नाना, रंग निघतोय!" मी ओरडले.

"जळालेला रंग निघायचाच की. घास तू."

ते शेजारी स्टुलावर बसायचे. माझं घासून झालं की तळवा टेकवायचे, मग बोटांची टोकं. "हे झालं. इथं अजून खरखर हाय." तिथे डांबराचा ठिपका असायचा, नाहीतर करंजाचा चिकटा. डांबराला मी रॉकेलचा बोळा लावायला शिकले, काच वर्तमानपत्राने पुसायला शिकले, एकदा जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही हे शिकले. माझी नखं निळी असायची. ऑफिसात बायका विचारायच्या, शाई सांडली का. आई चहा बाहेर आणून द्यायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "लोकांच्या पोरी सासरी गेल्या, आमची गाडी घासतेय." नाना हसायचे. डोळ्यांचं कळल्यापासून त्यांना हसताना ऐकलं ते तिथेच.

एका सकाळी बॉनेट पुरं झालं होतं. समोरच्या घराच्या टाकीआडून ऊन वर आलं आणि नाना एकदम सरळ बसले. "तिथं," त्यांनी बोट केलं. "तिथं काहीतरी चमकलं." बोट बरोबर होतं. त्यांनी मान इकडे तिकडे हलवून ती चमक हरवली, पुन्हा शोधली, पुन्हा हरवली. मी आत धावत जाऊन आईला सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. त्या दिवशी मला डॉक्टरांचा मनातल्या मनात राग आला होता. परत येत नाही म्हणे!

त्यानंतर मी बॉनेटवर थांबले नाही. टप, दारं, डिकी, सगळं घेतलं. तिकडे नानांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याने जे थांबायला हवं होतं ते थांबलं नाही. ते उंबऱ्याला अडखळू लागले. बशीत ओतलेला चहा बशीबाहेर जाऊ लागला. आई पुसून घ्यायची. आणि मी जास्तच घासू लागले. दर रविवारी ऊन वर आलं की नानांना त्याच जागी उभं करायचे. "दिसतंय?"

"दिसतंय की."

एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. चमक कमी पडते असं वाटलं की पुन्हा कंपाउंड, पुन्हा बॉनेट. एके सकाळी बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर बनियन फिरवताना खालून करड्या रंगाचा डाग वर आला. मला वाटलं मळ आहे. मी आणखी जोराने घासलं. डाग रुंद झाला. मग लक्षात आलं की तिथला रंग संपला आहे, खालचं अस्तर उघडं पडलं आहे, आणि हे आता कशानेही भरून येणार नाही. मी पायरीवर बसून रडले. नाना भिंतीला हात लावत आले, मला विचारून त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं. "असू दे," म्हणाले. "बाकीची तर चमकती ना?"

दिवाळीच्या दिवसांत तो डाग सोडला तर गाडी आरशासारखी झाली होती. तिच्या दारात करंजाची पानं मोजता यावीत इतकी. मी नानांना धरून बाहेर आणलं, जागेवर उभं केलं. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, कढईत काहीतरी होतं, मी आत जाऊन आले. येऊन पाहते तर नाना वळले होते. गाडी त्यांच्या पाठीशी होती. तोंड शेजाऱ्यांच्या सिमेंटच्या भिंतीकडे. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"लय भारी चमकती गं आज," ते भिंतीला म्हणाले. "डोळे दिपले बघ."

मी त्यांचा दंड धरला. मी त्यांना वळवत नाही आहे, नुसती धरून उभी आहे, यावरून त्यांना कळलं असावं. चेहरा हळूहळू उतरला.

"नाना, कधीपासून दिसत नाही?"

"पावसाळ्याच्या आधीपासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू येवढी राबत होतीस," ते म्हणाले. "आणि बोललो असतो तर तू थांबली असतीस. फडक्याचा आवाज यायचा ना, बरं वाटायचं."

आई दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. तिने फक्त स्टूल पुढे सरकवलं आणि नानांना त्यावर बसवलं. मी त्या दिवशी डबे झाकणं लावून माळ्यावर टाकले. दुसऱ्या सकाळी उठले, सवयीने हात धुतले, आणि बाहेर गेले नाही. नानांनीही विचारलं नाही. महिन्याभरात करंजाने गाडीवर चिकटा धरला आणि मग त्यावर धूळ बसली.

होळीच्या आधी आम्ही गाडी विकायला काढली आणि नामपूरकडचा एक कांदा व्यापारी ती बघायला आला. मी आदल्या दिवशी फक्त पाणी मारलं होतं. तो भोवती फिरला, वाकून दारात स्वतःची मिशी पाहिली. "गाडी झकास शे," तो अहिराणीत म्हणाला. मग बॉनेटवर बोट ठेवलं. "हाऊ डाग कसाना?"

मी तोंड उघडण्याआधी नाना स्टुलावरून म्हणाले, "पोरीनं घासली. जरा जास्त घासली."

व्यापारी हसला. त्याला ती गंमत वाटली. तो आत बसल्यावर नाना चाचपडत खिडकीशी गेले आणि टपावर हात ठेवून सांगू लागले, दुसऱ्या गिअरला अडकते, क्लच पुरता दाबा, थंडीत एकदम ओढू नका. तो हो हो म्हणत होता आणि रेडिओची बटणं दाबून बघत होता. गाडी सुटली तेव्हा नानांचा हात तसाच हवेत राहिला. आवाज गल्लीच्या टोकाला वळला तशी त्यांची मानही वळली. पुढे मोठ्या रस्त्याच्या आवाजात तो मिसळून गेला, तरी ते थोडा वेळ ऐकत उभे होते.

त्यानंतर ते सकाळी बाहेर येईनासे झाले. कॉटवर बसायचे, रेडिओ लावलेला असायचा, पण बातम्या संपून नुसती खरखर सुरू झाली तरी बंद करायचे नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं उरलंसुरलंही त्या उन्हाळ्यात गेलं. डॉक्टरांकडे जाणं आम्ही सोडलं नाही, पण आता ते नानांशी न बोलता माझ्याशीच बोलायचे.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसून शेंगा फोडत होते. न राहवून विचारलं, "नाना, सगळा काळोख दिसतो का हो?"

"काळोख नाय गं," ते म्हणाले. "काळोख असता तर बरं होतं, काहीतरी असतं. तुझ्या पाठीमागं काय हाय ते तुला दिसतं का आत्ता?"

"नाही."

"तसं. सगळीकडनं तसं."

ते पुढे बरीच वर्षं जगले.