दादा 'अपडेट' आणि आईचे कान

दादाला 'अपडेट' हे नाव त्याच्या मित्रांनी ठेवलं आणि तो त्यावर खूश होता. मी त्याची पाठची बहीण. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, लोक टोपणनाव उगाच ठेवत नाहीत, जरा विचार कर. पण आमच्या दादाला विचार करायला सवड कुठली? फोनमध्ये नवीन काही आलं रे आलं, की ते सगळ्यांत आधी याच्या हातात चाललं पाहिजे.

तसा कामाला माणूस चोख. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. नंबरची काच कापायची, कडा मारायच्या, फ्रेममध्ये बसवायची, फुंकर मारून पुसायची. पण हात यंत्रावर असले तरी कानात कुठल्यातरी नव्या फोनच्या बातम्या चालू. पडद्याची घडी होते का, बॅटरी किती पुरते, डब्यात चार्जर देतात की नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "थांब गं, अजून चांगलं मॉडेल येईल." आई हसायची. मला राग यायचा.

रविवारी दादाची ही सगळी मित्रमंडळी कव्हरवाल्याच्या दुकानात जमायची. दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती. तिन्ही भिंतींवर फोनची कव्हरं टांगलेली, खाली केबलींचा गुंता, आणि मध्ये दोन स्टुलं. त्यात एक गणिताचे मास्तर होते. जलद चार्जिंगने बॅटरी मरते की नाही यावर ते तासभर भांडू शकत, म्हणून त्यांना 'चार्जर मास्तर' म्हणत. मी एकदा फोनला काच लावून घ्यायला गेले, तर यांचा वाद चाललेला, फोनला कव्हर घालावं की नाही. मास्तर म्हणत होते, "एवढा देखणा फोन घ्यायचा आणि बुरख्यात ठेवायचा?" कव्हरवाला म्हणाला, "मास्तर, माझ्या पोटावर पाय देऊ नका." माणसं वाईट नव्हती. रिकामटेकडी म्हणायची तर तसंही नाही, सगळे दिवसभर राबणारे. एवढाच एक नाद.

आता आईचं सांगते. आई एकदम बहिरी झाली नाही. आधी तिला दाराची घंटा ऐकू येईना, मग पाखरं, मग आम्ही. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मशिनं दिली, पण ती लावली की आई रडकुंडीला यायची. भांडं ठेवलं तरी डोक्यात घण पडल्यासारखं. आठवडाभरात तिने ती डबीत टाकली आणि म्हणाली, "यापेक्षा बहिरी बरी."

तेव्हा दादाने वेगळी मशिनं शोधून काढली. ती फोनवरच्या ॲपने जुळवता यायची. रोज संध्याकाळी कामावरून आला की आईसमोर मांडी घालून बसायचा. नळ सोडायचा, चमचा वाजवायचा, खुर्ची सरकवायचा, आणि दर वेळी विचारायचा, "टोचतोय का हा आवाज?" आई सांगेल तसं बोटाने खालीवर करायचा. मला दारात उभं करून बोलायला लावायचा. "अशी गोड नको बोलूस, नेहमीसारखी भांड. आईला खरा आवाज कळला पाहिजे." महिन्याभरात आई ऐकायला लागली. परक्या घरात पाहुणी असल्यासारखी बसणारी आमची आई पुन्हा सगळ्यांच्या बोलण्यात नाक खुपसायला लागली. या एका गोष्टीसाठी मी दादाचे शंभर गुन्हे माफ केले होते.

आणि मावशीचा आवाज. आईची धाकटी बहीण, पार दुसऱ्या टोकाच्या गावात राहणारी, फुप्फुसं निकामी होत चाललेली. नाकात नळी, आवाज म्हणजे नुसता वारा. साधा फोन कानाला लावून आईला त्यातलं अक्षर कळत नसे. दादाने त्या आवाजासाठी वेगळी जुळणी केली. फोन आला की मावशीचा आवाज थेट आईच्या कानातल्या मशिनांत उतरायचा. रोज संध्याकाळी दोघी बोलायच्या. विषय काय, तर आज झोप लागली का, सून काय म्हणते, तुला आठवतं का गं. दोघींचा दिवस त्या फोनवर उभा होता.

मग मशिनं बनवणारी ती कंपनी बुडाली. ॲप दुकानातून, म्हणजे फोनमधल्या त्या दुकानातून, काढून टाकलं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे, नव्याने मिळणार नाही. कव्हरवाल्याने दादाला हात जोडून सांगितलं, "अपडेट, आईच्या फोनला हात लावू नकोस. जुना फोन, जुनं ॲप, जसं आहे तसं राहू दे." दादा म्हणाला, "मला काय वेड लागलंय?"

लागलंच की. त्या सुमारास फोनच्या कारभाराची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमची, नवी आवृत्ती आली. जुन्या फोनना ती मिळणार नव्हती, पण कुणा हौशी माणसाने आईच्या मॉडेलसाठी ती घरी बसून तयार केली आणि वाटायला ठेवली. त्या मॉडेलवर ती चालवून दाखवणारा आपल्या टोळीत पहिला कोण? सुट्टीचा दिवस, आई दुपारची आडवी झालेली, मी शिलाई मशीनवर उसवलेल्या चादरी शिवत बसलेले. दादाने आईचा फोन घेतला, सगळं उतरवून ठेवलं, फोन कोरा केला आणि नवी आवृत्ती चढवली. फोन सुरू झाला. पडद्याचा फोटो काढून त्याने टोळीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. त्यात चार्जर मास्तरांनी एवढंच लिहिलं, "आणि आईच्या मशिनांचं ॲप?"

दादाने बॅकअप घेतला होता. पण त्या बॅकअपात ॲपचं नुसतं नाव होतं, ॲप नव्हतं. ॲप दुकानातून यायचं, आणि दुकानात ते उरलंच नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आता ऐका. इतकं होऊनही काही बिघडलं नव्हतं. आई उठून बाहेर आली आणि म्हणाली, "नळ नीट बंद कर गं, टपटप ऐकू येतेय." तिला सगळं ऐकू येत होतं, कारण जुळणी मशिनांच्या आत होती. फक्त फोनचा आवाज कानात उतरत नव्हता. तेवढंच सोडून द्यायचं. मी सांगितलं, "दादा, आता हात लावू नकोस." पण 'जोडलेलं नाही' असं पडद्यावर दिसलं की या लोकांच्या जिवाला चैन पडत नाही. यांचा एकच काढा सगळ्या रोगांवर, चालेना तर रिसेट मार. संध्याकाळचा फोन यायच्या आत जोडून टाकू म्हणून याने आईच्या कानातली मशिनं काढली, बारीक बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, आणि मशिनं कारखान्यातून आली तशी कोरी झाली. अशी कोरी मशिनं ॲपने जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. पुन्हा कानात घातली तेव्हा आई आमच्या दोघांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "बंद केलंस का रे?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत होता. उलटून बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती टोळी ज्या रीतीने धावली, ते बघून माझाही राग थोडा निवला. कव्हरवाल्याने खोक्यातले मेलेले फोन काढून एकेक पेटवून बघितला, कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये ते ॲप असेल म्हणून. मास्तरांनी ओळखीच्या ना पाळखीच्या, अशा परदेशातल्या माणसांना ईमेल लिहिले. शेवटी समुद्रापलीकडच्या एका बाईकडे ॲपची जुनी फाइल सापडली. तिचे वडील तीच मशिनं वापरायचे, आता ते नव्हते. तिने ती लगेच पाठवली. आम्ही सगळे आईभोवती उभे. ॲप चढलं, उघडलं, ओळखीचं निळं चित्र दिसलं. आईने ते बघून टाळी वाजवली. मग ॲपने परवलीचा शब्द मागितला, दादाने दिला, आणि चाक फिरत राहिलं. 'सर्व्हरशी संपर्क होत नाही.' बुडालेल्या कंपनीचा सर्व्हर तो, उचलणार कोण? तरी दादा फोन घेऊन खिडकीशी गेला, गच्चीवर गेला, सिम बदललं, कव्हरवाल्याच्या दुकानातून लावून बघितलं, मास्तरांच्या शाळेतून लावून बघितलं. मास्तरांनीच त्याच्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाले, "पुरे, बाबा."

डबीतली पहिली मशिनं होती, पण त्यांत मावशीचा आवाज कळण्यासारखा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी नव्या मशिनांसाठी कानाची मापं घेतली. पण ती बनून येणार, मग कान सरावणार, मग फोनचा आवाज कळायला लागणार. आईला थांबता आलं असतं. मावशीला नव्हतं येत. इस्पितळाने तिला घरी न्यायला सांगितलं होतं.

मास्तरांनी बोललेलं लिहून दाखवणारं ॲप आणलं. पण मावशीच्या त्या वाऱ्याएवढ्या आवाजाचं ते काय लिहिणार? पडद्यावर 'कपाट गेले पन्नास' असं उमटलं आणि आई बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मग दादाने फोन स्पीकरवर टाकला, स्वतः ऐकायचं आणि दुसऱ्या फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून आईला दाखवायचं. दोन दिवस तसं चाललं. तिसऱ्या दिवशी मावशी दम घेत घेत म्हणाली, "तू मध्ये नको रे, बाळा. मला ताईला एक सांगायचंय. आमच्या दोघींतलं आहे, फार जुनं. ते तिच्याच कानात पडलं पाहिजे. तिला ऐकू यायला लागलं की सांगेन."

दादाने हे आईला लिहून दाखवलं. आईने ते वाचलं आणि फोन पालथा करून ठेवला. त्या रात्री दादा जेवला नाही, आणि मीही त्याला ये म्हटलं नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळीच आईच्या फोनवर मावशीच्या सुनेचा फोन आला. "सासूबाई शुद्धीवर आहेत, आत्ताच बोलायचं म्हणतायत. तुमच्या आईंना ऐकू यायला लागलं का?" मी दादाला हाक मारली. दादा कामावर निघालेला, तसाच परत फिरला. आई पोळपाटावरून पीठ झाडत होती. तिने फोनवर मावशीचं चित्र बघितलं, आमची तोंडं बघितली, आणि तिला कळायचं ते कळलं. हात पदराला पुसून तिने माझ्याकडून फोन घेतला आणि कानाला लावला.

"बोल, चिमे," ती म्हणाली. "येतंय ऐकू. पोराने दुरुस्त केलं. अगदी स्वच्छ येतंय, बोल."

दादाने स्पीकरच्या बटणाकडे हात नेला. आईने तो हात फटकन बाजूला केला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. फोन असा गच्च कानाला धरला होता, की आम्हाला मावशीचा श्वासही ऐकू येईना. मध्येच ती "हं" म्हणायची. थांबायची. पुन्हा "हं." एकदा म्हणाली, "नाही गं, मी रागावले नाही. कधीच नाही रागावले." काय माहीत, मावशी रागाचं बोलत होती की आणखी कशाचं. आईलाही माहीत नव्हतं. अंदाजाने ती आपल्या बहिणीला उत्तरं देत होती. दादा जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बऱ्याच वेळाने पलीकडून फोन बंद झाल्याचा बारीक आवाज आम्हाला आला. आईला तो येणार कसा? ती "हं, हं, खरं आहे" म्हणत राहिली. आम्हा दोघांपैकी कुणाचीच पुढे जायची छाती होईना. शेवटी दादाच उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच फोन काढून घेतला. घेतल्याघेतल्या त्याने रेकॉर्डिंग शोधलं. पूर्वी या फोनवर प्रत्येक बोलणं आपोआप नोंदलं जायचं, ती सोय त्यानेच करून दिली होती. नव्या आवृत्तीत ती बंद केलेली आहे. ही बातमीही ग्रुपवर सगळ्यांत आधी त्यानेच दिली होती.

मावशी दुपारी गेली. सुनेचा निरोप मीच आईला लिहून दाखवला. ती रडली नाही. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. मला तिच्याजवळ बसायचं होतं, पण दादा समोर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्याने फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मावशी काय म्हणाली?' आणि आईसमोर धरलं. का विचारलंस रे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

आईने ते वाचलं. मग त्याच्याकडे बघून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाली, "तुझंच कौतुक करत होती. म्हणाली, ताई, तुझा मुलगा फार गुणी आहे."

दादाने मान हलवली. मग आईकडे पाठ करून तो भिंतीशी उभा राहिला आणि मोठमोठ्याने रडला. आवाज दाबायची काही गरज नव्हती.