पप्पांनी लिहिलेली गोष्ट

घशाच्या कॅन्सरमुळे मस्कतमध्ये पप्पांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशननंतर मी त्यांना जवळच सीबला माझ्या घरी आणलं. गळ्यातली नळी साफ करायला मी शिकले आणि ते वहीत लिहून बोलू लागले.

पूर्वी वसईहून ते माझ्या मुलीला फोनवर गोष्टी सांगायचे. एकदा त्यांनी तिच्यासाठी दोन पानं भरून गोष्ट लिहिली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. मध्येच ती म्हणाली, "मम्मी, ग्रँडपासारखी नाही होत. स्टॉप कर ना."

पप्पा समोरच बसले होते. त्यांनी हसून मान हलवली.

त्यानंतर वहीत फक्त 'चहा', 'औषध' एवढंच असायचं. आणखी एक गोष्ट लिहा, असं म्हणायचा धीर मला झाला नाही.