आधी भैरवी

फोन आला तेव्हा मी कर्जतच्या बाजारात चष्म्याची काडी बसवून घेत होतो. बाळारामचा मुलगा बोलत होता. "काका, बाबा गेले... जेवून आडवे झाले, ते चहाला उठलेच नाय." दुकानदाराला राहू दे म्हटलं आणि एका काडीचा चष्मा नाकावर धरूनच कडावला निघालो. रिक्षात पहिला विचार काय यावा? तर, यानं मला फसवलं! दोनच दिवसांपूर्वी मी त्याला शब्द दिला होता, यंदा गणपतीत तुझ्या पेटीवर नक्की गातो. आणि हा गणपतीपर्यंत थांबलाच नाही.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. सातवीनंतर तो भातशेतीत आणि पुढे खोपोलीच्या एका कारखान्यात गेला, मी मास्तर झालो. हातातला दिवस निसटू देऊ नका, असं सांगणारी एखादी कविता पाठ्यपुस्तकात असायचीच. मी फळ्यावर तिचा आशय लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची, आणि पुढचा धडा सुरू. बाळारामनं त्यातली एकही वाचली नव्हती. नवा शर्ट घेतला की तो दुकानातच अंगात घालायचा आणि जुना पिशवीत टाकायचा. पाहुण्यांसाठी कपाटात जपलेले फुलाफुलांचे कप त्यानं एकदा सरळ रोजच्या चहाला काढले. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, ओरडल्या, तर म्हणतो, "अगं, मंग आपण कोन? आपण बी पाहुणेच हाय की हितं."

गावच्या भजनी मंडळात तो पेटी वाजवायचा आणि गायचाही. भैरवी शेवटी म्हणायची, ती झाली की भजन संपलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाळारामचा सगळा जीव त्या भैरवीवर. पण तिची पाळी येईतो निम्मे लोक घरी गेलेले आणि उरलेले भिंतीला टेकून पेंगत असलेले. शेवटी एकदा पोशीरला सत्यनारायणाच्या पूजेला, भर दुपारी, त्यानं बसल्या बसल्या भैरवीच धरली. यजमानांना वाटलं, उरकलं! त्यांनी शिऱ्याचे द्रोण वाटायला घेतले, लोक चपला शोधायला लागले, आणि भैरवी संपते न संपते तोच पखवाजाला खोळसुद्धा चढली. मंडळाचे बुवा लालबुंद झाले. "बाळाराम, ही काय रीत झाली रं?" हा शांतपणे घाम पुसत म्हणाला, "बुवा, भूक हाय तवाच गोड वाढावं. झोपलेल्याच्या तोंडात घालून काय उपेग?" मग उरलेलं सगळं भजन तो चार माणसांसमोर तब्येतीत गायला. त्या चारांत मी होतो. बुवांनी महिनाभर अबोला धरला. पण पुढे गंमत अशी झाली, की चारच्या भजनाला पाचला येणारी मंडळी, बाळारामची भैरवी चुकेल म्हणून पावणेचारला सतरंजी अडवून बसू लागली. मग बुवाही काही बोलेनासे झाले.

मला गाता येतं हे त्या एकट्याला माहीत होतं. त्याच्या स्कूटरवर मागे बसून पळसदरीच्या धरणाकडे जाताना मी गुणगुणायचो. लोकांसमोर मात्र कधी तोंड उघडलं नाही. आधी बदली आडवी आली, मग मुलीचं लग्न, मग निवृत्तीची कागदपत्रं, मग खोकला... "कवा म्हणनार रं तू, वसंता?" तो विचारायचा आणि मी तारीख द्यायचो. कोर्टानं लाजावं इतक्या तारखा मी त्याला दिल्या. त्याच्याबद्दल बोलताना मला हसू येतं, पण या एका गोष्टीचं फार वाईट वाटतं, ते लपवत नाही. साऱ्या तालुक्याची भजनं ऐकून तो गेला, माझं तेवढं ऐकायचं राहिलं.

त्या दिवसानंतर पाच आठवडे मी त्या घराकडे फिरकलो नाही. गेल्या रविवारी गेलो. चहा झाल्यावर सुमनवहिनींनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला आणि एक काळी पट्टी दाबून धरली. "ही तुमची, भाऊजी. काळी दोन. यांनी मला दाखवून ठेवलीय. म्हनायचे, वसंता कवातरी बसंलच. मी शेतावर असलो तर तू सूर धर, नायतर तेवढ्यात पळून जाईल."

मी हसलो. स्कूटरच्या फटफटीत, मागे न वळता, त्यानं माझी पट्टी ओळखून ठेवली होती. मी गाऊ लागलो. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, शब्दही विसरलो. "राहू द्या वहिनी," मी म्हटलं, "उद्या नीट तयारी करून येतो."

त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं नाही. "उद्याचं उद्या बघू. भाता चालू हाय तवर म्हना."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.