फळीवरच्या दोन बरण्या

मोताळ्याच्या विमलबाईंना बाजारातली टूथपेस्ट कधी रुचली नाही. खोबरेल तेलात खायचा सोडा, कुटलेली लवंग आणि गोडीसाठी ज्येष्ठमधाची पूड घोटून त्या घरीच पेस्ट करीत. शेजारच्या बानोची चार वर्षांची अदीबा दात घासण्याआधीच ती निम्मी चाटून टाकी. विमलबाईंना त्याचे कौतुकच वाटे.

त्यांच्या फळीवर दोन सारख्या बरण्या असत. डावीकडे सोडा, उजवीकडे डाळीला कीड लागू नये म्हणून चोळायची बोरिक पावडर. जागा हाताला ठाऊक होत्या, म्हणून नाव लिहून ठेवायची गरज त्यांना वाटली नाही.

गेल्या श्रावणात एका दुपारी त्यांनी ढोकळ्याच्या पिठात सोडा घातला, वर लिंबू पिळले. फेस आला नाही. पुन्हा पिळले, तरी पीठ निपचित. बोटावरची पूड जिभेला लावली. खारट लागली नाही. मग आठवले, दोन दिवसांपूर्वी बरण्या खाली काढून फळी पुसली होती. आणि पेस्ट तर आजच सकाळी केली होती. तिची डबी अदीबा नाचत घेऊन गेली होती.

विमलबाई अनवाणीच धावल्या. बानो शिलाई मशीनवर बसली होती.

"काय वं मावशी? वाघ लागला का मांगं?"

"अदीबा कुठी हाय?"

"झोपली. आज लवकरच झोपली पोट्टी."

विमलबाईंनी चौकट धरली. पेस्ट बिघडली, एवढे सांगून डबी परत न्यावी, असे क्षणभर मनात आले. पण डबी अदीबाच्या उशाशी उघडी पडली होती आणि आत बोटांनी निपटल्याच्या रेघा होत्या.

"उठव तिले, बानो. म्या त्यात चुकून बोरिक टाकलं. डाळीचं."

बानोने मुलीला खांद्यावर घेतले. मान एका बाजूला लुळी पडली. ती झोप होती की दुसरे काही, हे रिक्षात दोघींनाही कळेना.

"किती खाल्लं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले. विमलबाईंनी निपटलेली डबी पुढे केली. अदीबाला उलटी झाली. बाकावर बानोने आपली ओढणी विमलबाईंच्या बाजूने ओढून घेतली आणि दोघींमध्ये एका माणसाची जागा राहिली. आत पोर रडत होती, तोवर विमलबाईंना श्वास घेता येई. रडणे थांबले की त्यांची नजर दारावर खिळे.

दिवेलागणीला डॉक्टर म्हणाले, "पोटात फार गेलेलं दिसत नाही. धोका टळला. पण रात्रभर लक्ष ठेवा."

बानो मुलीला घेऊन बाहेर आली. विमलबाई उठल्या, पण पुढे झाल्या नाहीत.

"धर वं इले," बानो म्हणाली, त्यांच्याकडे न पाहता. "मले सिस्टर बलावते."

विमलबाईंचा आपल्या हातांवर भरवसा उरला नव्हता. त्या आधी फरशीवर बसल्या, पाठ भिंतीला टेकली, आणि मगच त्यांनी मुलीसाठी हात पुढे केले.