एक्केचाळीस दिवसांचा महिना

आदरणीय प्रा. श्रीधर ठाकूर सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी त्यांची सगळ्यांत गोंधळलेली विद्यार्थिनी. नव्वदच्या दशकात मी पेणला शिक्षिका होते. मिठागरांत राबणाऱ्या कुटुंबांची मुले महिन्याला किती दिवस शाळा बुडवतात, याची पाहणी मी केली होती. मिठागरावर हंगामी वर्ग सुरू करायचा की नाही, हे त्या अहवालावर ठरणार होते. रोह्याच्या कॉलेजातले ठाकूर सर संगणकावर सरासरी काढून देतात, असे कळले म्हणून कागदांचे गाठोडे घेऊन गेले.

सरांनी काढून दिली नाही, मलाच शिकायला बसवले! चपला बाहेर काढून संगणकाच्या त्या गार खोलीत शिरले की माझी बोबडी वळे. काळ्या पडद्यावर काय उमटते, कुठली कळ दाबल्याने काय होते, काही म्हणता काही उमगत नसे. एकदा दोन तासांची मेहनत माझ्याच हातून पुसली गेली. मी रडकुंडीला आले. सरांनी चहा मागवला. "बाई, मशीन आपलं आहे. घाबरायचं ते त्यानं." मला हे मुळीच पटले नाही, पण पुन्हा बसले.

अखेर उत्तर आले. सुवाच्य अक्षरात लिहून मी ते सरांपुढे ठेवले : महिन्याला सरासरी एक्केचाळीस दिवस गैरहजर.

सरांनी चष्मा पुसला. "तुमच्या पेणात महिना केवढा असतो हो?"

पालक 'माहीत नाय' म्हणाले तिथे मी नव्व्याण्णव हा आकडा भरला होता. त्याचा अर्थ 'उत्तर नाही', हे मशीनला सांगायचेच राहिले; त्याने ते दिवस धरले. सरांनी ते वगळायला शिकवले. सरासरी तीन दिवसांवर आली. मी खूश, सर मात्र नव्हते.

"तीन दिवसांसाठी वर्ग कोण देईल? आणि वगळलेली मुलं कुणाची, ते बघा."

पाहिले, तर हंगामात मिठागरावरच राहायला जाणाऱ्यांची. ज्यांच्यासाठी वर्ग हवा, नेमकी तीच मी पुसून टाकली होती. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सर एस.टी.ने पेणला आले आणि माझ्याबरोबर खाडीच्या बांधावरून चालत निघाले. मिठाच्या राशीपाशी एक आई म्हणाली, "दिस कोन मोजतंय गो बाय? पोरीला घरान एकली कशी ठेवू?"

सर तिथेच खाली बसले. "पोर शाळेत शेवटची कधी गेली?"

"शिमग्याच्या आदी."

मी नव्व्याण्णव खोडून पूर्ण महिना लिहिला. असे तीन रविवार सर आले आणि एकेक कागद दुरुस्त झाला.

सरासरी चांगलीच वर गेली आणि वर्ग मंजूर झाला. पहिल्या दिवशी त्याच बाईंची मुलगी पाटी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

सरांनी तेव्हा सरासरीपाठोपाठ शिकवलेले प्रमाण विचलन मला अजूनही कळलेले नाही. सर विचारतील या धास्तीने फोनवर मी आधी त्यांच्या तब्येतीचीच चौकशी करते. ती ठणठणीत राहो. सरांच्या वयाच्या रकान्यात नव्व्याण्णव लिहायचा मान मला मिळो, आणि या वेळी तो आकडा अगदी खरा असो.