दुपारचा अर्धा तास

आता सांगायला हरकत नाही. तो कारखाना राहिला नाही, आणि मला घरी बसूनही जमाना झाला. दिलसुखनगरच्या पुढे औषधाच्या गोळ्यांचा कारखाना होता, तिथे मी पॅकिंगची सुपरवायझर. हाताखाली चौदा बाया. शिक्षण माझं सातवीपर्यंत, बाकीचं पेपर वाचून वाचून. परदेशी मशिनी देशात यायला लागल्या होत्या, ते दिवस. आमच्याकडेही मशीन येणार, निम्म्या बाया घरी जाणार, अशी रोज नवी कुजबुज.

त्या चौदांत एक तेलुगू होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची. तिचा नवरा बांधकामावरून पडला तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला, मान तेवढी हलायची. घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. जेवणाची सुट्टी संपली की पुढचा अर्धा तास ती गुपचूप घरी जायची, त्याला भरवून यायची. तेवढा वेळ तिच्या स्टुलावर मी बसायची, तिच्या वाटचे खोके भरायची. कागदावर ती जागेवरच. सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकीनेही कधी तोंड उघडलं नाही.

मग पुण्याचे नवे मॅनेजर आले. पस्तिशीचे, बोलायला गोड. म्हणाले, मी प्रत्येकीला एकटीला भेटणार, पंधरा मिनिटं, दार लावून. असं कुणी कधी केलंच नव्हतं बघा! साहेबाने एकटं बोलावलं म्हणजे हातात चिठ्ठी आणि घरचा रस्ता, एवढंच आम्हाला माहीत. बाया माझ्याभोवती गोळा झाल्या.

"क्या बोलना, अक्का?"

"डरो नक्को. कुछ भी पूछे तो, तकलीफ नै साब, सब अच्छा है, बोलना. बस."

"सास का पूछे तो?"

"वो भी अच्छी है!"

"फिर तो साब को पक्का समझ जाता, ये लोगां झूठे हैं."

सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. त्या तेलुगू पोरीला मात्र बाजूला घेऊन वेगळं बजावलं, त्या अर्ध्या तासाचं चुकूनही काढायचं नाही. तू जाशील ती जाशीलच, मलाही घेऊन जाशील.

ती आत जाऊन आली. तोंड उतरलेलं. "दो बार पूछे, अक्का. घर में कोई बीमार है क्या, वो भी पूछे. मैं नै बोल दी."

मी तिच्या पाठीवर थाप मारली. शाबास म्हणाले. काय म्हणू, ती थाप अजून माझ्याच पाठीवर बसते.

आठवड्याने यादी लागली. शहराबाहेर नवा कारखाना निघाला होता, सहा जणींना तिकडे जायचं. पहाटे बस, परत यायला अंधार. तिचं नाव यादीत दुसरं होतं.

मी तशीच वर साहेबांकडे गेले आणि दार लोटलं. नवरा, अर्धा तास, स्टूल, मी पढवलेलं सगळं भडाभडा सांगितलं. "मला काढा साहेब, पण तिला इथं ठेवा."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, अहो त्याच्यासाठीच तर विचारत होतो. जिच्या घरी अडचण, तिला इथेच ठेवायचं होतं. चौदांपैकी एकीनेही सांगू नये?"

"भीती वाटते, साहेब."

"माझी?"

यादी हेड ऑफिसला गेलेली होती. लिहून बघतो म्हणाले. लिहिलंही असेल, माणूस वाईट नव्हता. उत्तर काही आलं नाही. आणि नोकरी सोडायची तर तिचं घर चालवणार कोण?

ती पहिल्या दिवशी पहाटेच्या बसने गेली. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी बायांनी मला ढकललंच. "जाओ अक्का, हम देखते." एक जण माझ्या जागेवर बसलीसुद्धा. मागच्या गल्लीत जाऊन मी कुलूप काढलं, बायकोने त्याच्यासाठी सकाळी झाकून ठेवलेला पप्पू-भात, म्हणजे आपला वरणभातच, कालवला, घास त्याच्या ओठांपाशी नेला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग मान भिंतीकडे वळवली.

भात हातात निवत चालला. मी घास पुढे करतेय, तो ओठ उघडत नाही.

"खा रे बाबा," मी म्हणत होते, "खा. माझ्याकडे अर्धाच तास आहे."